मनी घरी नाही

"प्राध्यापक?" नंदाबाईंच्या हातातला झारा कढईवरच थांबला. "कोन प्राध्यापक?"

"आपला प्रफुल," टीना म्हणाली. "गोंदियाच्या कॉलेजात. मोठ्या बाबांनी पोरीवाल्यांना तसंच सांगून ठेवलंय. आत्ता ओसरीवर खुर्च्या मांडताना मलाही बजावून गेले, कोनी विचारलं तर हेच सांगजो म्हणून."

लाखोरीच्या डाळीचे वडे तेलात काळे पडायला लागले तेव्हा टीनानंच आईच्या हातातून झारा घेतला.

सौंदडची मंडई, म्हणजे गावची दिवाळीनंतरची जत्रा होती. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. गावातल्या निम्म्या घरांत आज पाहुणे होते आणि त्यातल्या निम्म्या घरांत पाहुण्यांबरोबर लग्नाच्या वयाची पोरगी किंवा पोरगा. झाडीपट्टीत सोयरिकी जमायच्या त्या मंडईतच. नंदाबाईंकडे, म्हणजे कापगत्यांकडे, गोंदियाचे बकाराम डोंगरवार येणार होते. स्वतःची राईस मिल, मुलगी पोस्टात. सोयरीक आणली होती मोठ्या बाबांनी, योगराजनं. त्याचा धाकटा भाऊ, नंदाबाईंचा नवरा बिसराम, वारला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोन्ही घरांचा कारभार योगराजच बघत होता, आणि पुतण्या एकोणतीस वर्षांचा झाला तरी बिनलग्नाचा, हे त्याला रोज खात होतं.

नंदाबाई स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. पदर कपाळावर ओढला. योगराज पाच हातांवर सतरंजी झटकत होता, पण भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडानं बोलायचं नाही ही या घरातली रीत त्यांनी बत्तीस वर्षं पाळली होती.

"टीना, तुझ्या मोठ्या बाबाले इचार, कोनत्या कॉलेजात लागला माहा पोरगा? मायलेच पत्ता नाही."

योगराजनं सतरंजीकडे बघतच उत्तर दिलं. "टीना, तुह्या मायले सांग, पोरीचा बाप मिलवाला आहे. पोरगा दोन शाळांत तासिकेवर गानं शिकवते नि रविवारी आंगनात पोट्ट्यांले उड्या मारवते, असं सांगून कोनी पोरगी देते का? एकदा लगन होऊ दे. मंग समजून घेतेत."

"टीना, तुझ्या मोठ्या बाबाले सांग, ते समजून घेनं काय असते ते मले माहीत आहे. माह्या लग्नातही हेच सांगितलं होतं. पोरगा ऑफिसात आहे म्हने. होता खरा ऑफिसात. नाटक कंपनीच्या. पेटी वाजवाले."

टीना झारा घेऊन दोघांच्या मध्ये उभी होती. निरोप पोचवायची तशी गरज नव्हतीच, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. तिला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"टीना, तुह्या मायले सांग, वडे जळून राहिले," योगराज म्हणाला आणि फाटकाकडे निघून गेला.

नंदाबाई आत आल्या. मग म्हणाल्या, "शेजारच्या चंचलले हाक मार."

चंचल आली. सात वर्षांची, दोन वेण्या, गळ्यात मंडईतली नवी पिपाणी. नंदाबाईंनी तिच्या हातावर गरम वडा ठेवला आणि कानात काहीतरी सांगितलं. पोरगी वडा फुंकत फुंकत पळाली.

"काय सांगितलंस व आई?"

"काही नाही. तू ताटं पूस."

*

योगराजच्या मते सुरुवात चांगली झाली.

गाडी वेळेवर आली. बकाराम उंचपुरा, मोकळ्या आवाजाचा माणूस. बायको मंदाबाई शांत. मुलगी चेतना अबोली रंगाच्या साडीत, नजर खाली नाही आणि उगाच वरही नाही. प्रफुलनं पाहुण्यांच्या पायांवर पाणी घातलं, पाया पडला, खुर्चीवर बसला. सकाळीच योगराजनं त्याला सांगितलं होतं, आज वर्गाला सुट्टी दे. त्यानं दिली होती. आता फक्त दोन तास प्रफुल कमी बोलला की काम झालं.

"ये क्या है भाई?" बकारामनं अंगणाकडे बोट दाखवलं. "लाइनी कायच्या आहेत?"

अंगणात चुन्यानं मोठमोठे चौकोन आखलेले होते. धानाच्या वाफ्यांसारख्या चार बांध्या, प्रत्येकीत चार घरं. योगराजनं पहाटे स्वतः शेणाचा सडा टाकला होता तरी चुना वर आलाच होता.

"मंडईची सजावट," योगराज म्हणाला.

प्रफुलनं मोठ्या बाबांकडे चमकून बघितलं. पण चहा आला, आणि बोलणं धानाच्या भावावर गेलं. योगराज थोडा सैलावला.

"तर प्रोफेसर साहेब," बकारामनं कप खाली ठेवला, "कॉलेजात तुमच्याकडे कौनसी क्लास आहे? फर्स्ट इयर का फायनल?"

"कोण?" प्रफुलनं मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"हुशार आहे, पन लाजते भाऊ," योगराज घाईनं म्हणाला. "लहानपनापासून तसाच आहे. टीना! वडे आन वडे!"

तेवढ्यात फाटक ढकललं गेलं.

वीस-बावीस पोरं एकदम आत घुसली. कोणाच्या हातात साखरेच्या गाठी, कोणाच्या तोंडात पिपाणी. पाहुण्यांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. चपला तुळशीपाशी भिरकावून सगळी आपापल्या चुन्याच्या घरात जाऊन उभी राहिली. चंचल सगळ्यांत पुढं.

"सर, आज मनी घरी आहे का नाही?"

प्रफुल उठला. "अरे, आज सुट्टी सांगितली होती ना?"

"नंदाआजीनं बोलावलं," बावीस आवाज एकदम म्हणाले.

योगराजच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो दाराकडे वळला. "टीना, तुह्या मायले इचार, हे काय—"

नंदाबाई स्वतःच बाहेर आल्या. डोक्यावर पदर होता. पण त्यांनी मान वर करून सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"टीनाले कायले मधात घालता, भाऊजी? मी बोलावलं."

योगराज खाली बसला. बत्तीस वर्षांत हा आवाज त्यानं भिंतीपलीकडून ऐकला होता, टीनाच्या तोंडून ऐकला होता. आपल्याकडे तोंड करून असा कधी ऐकला नव्हता.

नंदाबाई पाहुण्यांकडे वळल्या. "बकारामभाऊ, तुमची पोरगी या घरात येनार का नाही, ते तुमी ठरवा. पन पाहून ठरवा. माहा पोरगा कॉलेजात नाही. तो काय करते, ते हे असं आहे."

*

चेतना आईच्या शेजारी बसून सगळं बघत होती. तिला सगळ्यांत जास्त दिसलं ते प्रफुलचं तोंड. आपल्या नावावर खोटं सांगितलंय हे त्याला आत्ता, या क्षणाला कळत होतं.

"मोठे बाबा, तुम्ही यांना काय सांगितलं?"

योगराजनं नजर सतरंजीकडे वळवली.

"मी प्राध्यापक नाही," प्रफुल बकारामना म्हणाला. "गोंदियाच्या कॉलेजात एक जागा निघाली होती. दोन वेळा मुलाखत दिली, निवड झाली नाही. खैरागडच्या संगीत विद्यापीठात सहा वर्षं गाणं शिकलो. आता दोन शाळांत तासिका तत्त्वावर आहे, चार एकर धान आहे, नि रविवारी ही मुलं. यांच्यासाठी मी छोट्या छोट्या बंदिशी बांधतो. राग खरा, ताल खरा, फक्त खेळ यांचा. निवड झाली असती तरी रविवारी मी इथंच असतो."

"तुझा काही दोष नाही बेटा," बकाराम म्हणाले. मग ते उठले. खिशातून गाडीची किल्ली काढली. "लेकिन योगराजभाऊ, चाळीस साल झाले मले तांदळाच्या धंद्यात. नमुना एक दाखवायचा नि पोत्यात दुसरा माल भरायचा, असे लोक मी लय पाहिले. त्यांच्यासंग मी व्यवहार नाही करत. पोरगा गानं शिकवते, हे सांगितलं असतं तरी मी आलो असतो का नाही, वो मेरी बात. पन झूट काऊन बोलले? चल मंदा."

"जेवून तरी—" टीना म्हणाली.

"नाही बाई. अब नहीं."

योगराजला ते पोत्याचं बोलणं झोंबलं. बाकी काही चाललं असतं. तो ताडकन उठला, आत गेला आणि एक कागद घेऊन आला.

"नमुना म्हनता ना? मंग हा तुमच्या पोरीचा बायोडाटा. इथं लिवलं आहे, 'गायनाची विशेष आवड'. चार लोकांत शोध केला मी. तुमच्या मोहल्ल्यात कोनी सांगितलं नाही का पोरीनं कधी एक आरती म्हटली. म्हना बाई एक गानं! आमचं पोतं फोडलं, आता तुमचंही फुटू द्या!"

"मोठे बाबा!" प्रफुल ओरडला.

सगळे चेतनाकडे बघत होते. बकारामचा चेहरा उतरला होता. मंदाबाईंनी तिचा हात धरला.

चेतनानं हात सोडवून घेतला. खोटं बोलायचं तर आज मुहूर्त चांगला होता, पण तिला कंटाळा आला होता. हे तिसरं स्थळ. प्रत्येक ठिकाणी तो कागद तिच्या आधी घरात शिरायचा.

"मला गाता येत नाही," ती म्हणाली. "बाबांनी लिहिलंय. मी नको म्हटलं होतं."

मोठ्या माणसांची अशी शांतता पोरांना फार वेळ सोसत नाही. चंचल आपल्या घरातून म्हणाली, "येत नाही तर या ना इकडे. येते त्यांना आमचे सर घेतच नाहीत."

टीना फस्सकन हसली. चेतनालाही हसू आलं. काय वाटलं कोण जाणे, तिनं साडीचा घोळ उचलला, चपला काढल्या आणि अंगणात उतरली.

चंचलनं तिला हाताला धरून पहिल्या चौकोनात उभं केलं. "ह्या चार बांध्या. हिच्यात पानी, हिच्यात पानी, नि त्या शेवटच्या बांधीत पानी. तिथं टाळी द्याची. ही तिसरी कोरडी. हिच्यात टाळी नाही, हात असा उघडा. पन थांबाचं नाही हं. चालतच राहाचं."

"थांबलं तर?"

"तर बांधीत पडला तुमी."

"आणि गाणं?"

"गानं भूप रागातलं. भूपात म नाही, नि नाही. म-नी, मनी. मनी घरी नाही! कळलं? मनी आली का सगळे म्याव करतेत."

पोरांनी ताल धरला. सोळा मात्रा, बांधी ओलांडताना टाळी, कोरडीत उघडे तळवे. प्रफुल शेताच्या धुऱ्यावर उभा राहावा तसा चुन्याच्या रेषेवर उभा होता. त्यानं सूर दिला आणि पोरं गाऊ लागली,

*मनी गेली मंडईला, घरी उरले पाच,*
*सा रे ग प ध म्हणती, आता आपला नाच.*

चेतना चालायला लागली. पहिली फेरी तिनं नुसते ओठ हलवले.

"आवाज नाही आला!" मागून एक पोरगं ओरडलं. "ह्या ताईचा आवाजच नाही आला!"

इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"परत," प्रफुल म्हणाला. त्याच्या बोलण्यात ना राग होता, ना कौतुक. तो पोरांना म्हणत असेल तसंच. "सा रे ग, मग एक उडी थेट प वर. मधे पाय टेकवायचा नाही."

दुसऱ्या फेरीला तिनं आवाज काढला. सा लागला. रे लागला. ग लागला. मग प वर उडी घेताना सूर मध्येच म वर टेकला, आणि बावीस तोंडांतून एकदम आलं,

"म्याऽऽव!"

कोणी चार पायांवर रांगायला लागलं, कोणी मिशा पुसल्या. टीनाच्या हातातलं ताट वाजलं. मंदाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. चेतना कोरड्या बांधीत हात उघडे ठेवून उभी होती आणि तिला वाटत होतं आता रडू येईल. रडू आलं नाही. ती हसत सुटली, श्वास लागेपर्यंत, आणि तशीच अंगणात खाली बसली.

बकाराम ओसरीच्या पायरीवर उभे होते. किल्ली हातातच होती.

"चेतना," ते हळूच म्हणाले, "मी खोटं नाही लिहिलं. तू दिवसभर गात होतीस. मिलमधे पोत्यांवर बसून. हमाल लोक म्हणायचे, सेठ, रेडिओ बंद करो. तुला आठवत नाही?"

"ते चौथीच्या आधी, बाबा."

"चौथीत क्या हुआ?"

ती अंगणातली माती बोटानं सारत राहिली. "गॅदरिंग होतं. समूहगीत. बाई म्हणाल्या, तुझ्यामुळे सगळ्यांचं बिघडतं, तू फक्त ओठ हलव. मग मी ओठ हलवले. ते बक्षीस नाही का मिळालं, फोटो आहे आपल्याकडे? त्यात मी ओठच हलवते आहे. आरतीलाही तेच. तेव्हापासून."

"आनि मला सांगितलं नाही?"

"तुम्ही तर फोटोला फ्रेम केली होती."

बकाराम खाली बसले, पायरीवरच. मग किल्ली खिशात टाकली.

*

नंदाबाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. योगराज भिंतीला टेकून उभा होता. बायोडाटाचा कागद त्यानं कधी चुरगळला त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"तुमी का म्हणून केलं योगराजभाऊ?" बकारामनं विचारलं. आवाजात आता धार नव्हती. "पोरगा तो अच्छा है."

योगराज जमिनीकडे बघूनच बोलला.

"बिसराम, माहा भाऊ. पेटी वाजवे. इतका सुरेख वाजवे का गाव झोपे नाही. त्याच्यासाठी तीन सोयरिकी आनल्या मी, नि तिन्ही जागी खरं सांगितलं. तिन्ही मोडल्या. पेटीवाला म्हने, नाचगान्यातला म्हने. एका जागी तर पानीही नाही देलं आमाले. चौथ्या जागी मी खोटं बोललो, नि ते जमली." त्यानं ओठ पुसले. "मंग मले वाटलं, आपल्या घरात गानं असलं का खोटं बोलाच लागते. आज पोराले पाहून जीव भेला माहा. याचंही तसंच होईन म्हनलं."

"चौथी जागा म्हंजे मी," नंदाबाई पाहुण्यांना म्हणाल्या. मग योगराजकडे वळल्या. या वेळी बोलायला त्यांना तितकं जड गेलं नाही. "भाऊजी, मले खरं सांगितलं असतं तरी मी आलीच असती. आमच्या गावच्या मंडईत मी त्याची पेटी ऐकली होती लग्नाआधी. तोच हा, हे हळद लागेपर्यंत मले माहीत नव्हतं. कोनी इचारलंच नाही मले."

योगराज त्यांच्याकडे बघतच राहिला. बत्तीस वर्षं तो एका खोट्याचं ओझं घेऊन या बाईसमोर मान खाली घालून वावरला होता. त्याला वाटत होतं ती रीत आहे.

"मले काय माहीत," तो एवढंच म्हणाला. आणि डोळे पुसताना हसला.

मंदाबाई आतापर्यंत एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि नंदाबाईंना म्हणाल्या, "चला बाई, पाट मांडू. वडे थंड होऊन राहिले. तुमचे मालक असते तर एवढ्यात जेवायला बसवलं असतं सगळ्यांना."

"बसवलं असतं," नंदाबाई म्हणाल्या. "नि स्वतः पेटी काढून बसले असते."

"मंदा, रुक," बकाराम म्हणाले. "पोरीला तर विचारू दे. नाहीतर तीही बत्तीस वर्षांनी सांगेल, कोनी विचारलंच नाही." ते अंगणाकडे वळले. "चेतना, तुझं काय म्हणणं आहे? घर पसंत आहे का? खरं सांग."

चेतना साडीची माती झटकत उठली. सगळ्यांसमोर बोलायची तिला सवय होती, पोस्टाच्या खिडकीशी रोज पन्नास माणसं असत.

"बाबा, इथं चुकलं की सगळे हसतात आणि परत म्हणायला लावतात. गप्प बस असं कोणी म्हणत नाही. मला एवढं पुरे आहे. माझं हो आहे." मग ती प्रफुलला म्हणाली, "पण तुम्ही आधी नीट विचार करा. मला खरंच गाता येत नाही."

प्रफुल अजून त्या चुन्याच्या रेषेवरच उभा होता. त्याच्याकडे आता दोन्ही घरं बघत होती, आणि बावीस पोरंही.

"बोल ना बे," योगराजच्यानं राहवलं नाही.

"मला एकच विचारायचंय," प्रफुल चेतनाला म्हणाला. "रविवारी पोस्टाला सुट्टी असते ना?"

"असते."

"मग झालं."

टीनानं ताटं खाली ठेवून टाळ्या पिटल्या. बकारामनं योगराजला खांद्याला धरून हलवलं. मंदाबाईंनी नंदाबाईंच्या कपाळाला कुंकू लावायला हात पुढे केला, मग त्या विधवा आहेत हे लक्षात येऊन क्षणभर थबकल्या, आणि तरी लावलंच. नंदाबाईंनी लावू दिलं.

"सर," चंचल घामाघूम होऊन म्हणाली, "सुरू करा ना. तिकडे मंडई संपून जाईन, नि मले पाळण्यात बसाचं आहे."

"ताई, तुमी पहिल्या घरात," पोरांनी चेतनाला जागा करून दिली.

प्रफुलनं सा लावला, आणि सगळ्यांनी एकदम टाळी दिली.